बिऱ्हाड सांगली-साताऱ्याला हलवताना: आधी एक पावसाळा भाड्याने, मग घर

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि घरभाडे, शाळेची फी व रोजचा प्रवास यांतच पगार संपवणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मनात कधी ना कधी सांगली-साताऱ्याचा विचार येतो. काहींचे मूळ गाव तिथे असते, काहींची सासुरवाडी असते, तर काहींनी केवळ महामार्गावरून जाताना ती शहरे पाहिलेली असतात. हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे. सुरुवातीलाच माझे स्पष्ट मत नोंदवतो: पूर्वीचे घर विकून किंवा हातातली सगळी पुंजी ओतून नव्या गावात लगेच घर घेऊ नये. मे महिन्यात भाड्याच्या घरात जावे, एक पूर्ण पावसाळा तिथे काढावा आणि खरेदीचा निर्णय दिवाळीनंतर घ्यावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: सातारा की सांगली

दोन्ही शहरे कृष्णेच्या खोऱ्यात आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत, तरी कुटुंबाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. सातारा पुण्यापासून सुमारे ११० किलोमीटरवर, थेट पुणे-बंगळूर महामार्गालगत आहे. आठवड्यातून एकदोनदा पुण्याच्या कार्यालयात हजर राहावे लागणाऱ्या माणसाला ते जमण्यासारखे आहे, मात्र खंबाटकी घाटातली आणि पुण्यात शिरतानाची कोंडी हिशेबात धरली पाहिजे. सांगली पुण्यापासून सुमारे २३५ किलोमीटरवर आहे आणि महामार्ग सोडून पेठ नाक्यावरून आत यावे लागते. तिथून पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत येणे शक्य असले, तरी ती दर आठवड्याची सवय होऊ शकत नाही. सप्टेंबर २०२४ पासून धावणारी पुणे-हुबळी वंदे भारत सातारा आणि सांगली या दोन्ही स्थानकांवर थांबते, पण ती रोज नाही. मुंबईसाठी महालक्ष्मी आणि कोयना या गाड्यांचाच मुख्य आधार आहे. साताऱ्याचे रेल्वे स्थानक शहराच्या बाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तेव्हा रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला घरी पोहोचण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

प्रवासाच्या बाबतीत साताऱ्याचे पारडे जड असले, तरी वैद्यकीय सोयींच्या बाबतीत सांगली-मिरज पुढे आहे. मिरजेला वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा आहे. वानलेस रुग्णालयाचा आरंभ १८९४ चा, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे. कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण इथे येतात, त्यामुळे सांगली आणि मिरज या दोन्ही शहरांत वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ डॉक्टर मिळतात. घरात हृदयविकाराचे, मूत्रपिंडाचे किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले वडीलधारे असतील, तर ही बाब भाड्यातल्या दोनचार हजारांच्या फरकापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. साताऱ्यात राहणाऱ्यांना गंभीर आजारात बहुधा कऱ्हाड किंवा पुणे गाठावे लागते.

शिक्षणात दोन्हीकडे भक्कम पाया आहे. रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात आहे आणि देशातले पहिले सैनिक स्कूलही १९६१ मध्ये तिथेच सुरू झाले. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. मुले पुढच्या चारपाच वर्षांत कोणत्या टप्प्यावर असतील, हे पाहून शहर निवडावे.

दुसरी पायरी: बचतीचा खरा हिशेब

स्वस्ताई म्हणजे केवळ कमी भाडे, असे समजून घेतलेले निर्णय पहिल्या वर्षातच फसतात. कागदावर दोन रकाने करावेत आणि मागच्या बारा महिन्यांची बँक खात्याची विवरणपत्रे समोर ठेवून डावीकडे सध्याचा खरा खर्च मांडावा. उजव्या रकान्यासाठी दोन्ही शहरांतील नातेवाईक, सहकारी आणि घरमालक यांच्याकडून प्रत्यक्ष आकडे घ्यावेत, अंदाज लिहू नयेत.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्यात भाडे २५,००० रुपये आहे आणि सांगलीत तशाच घराला १०,००० पडतात. महिन्याची बचत १५,००० दिसते. पण कार्यालयात महिन्यातून दोनदा जावे लागते, ते स्वतःच्या मोटारीने गेल्यास इंधन आणि टोल मिळून फेरीला ४,००० धरले तर ८,००० गेले. पुण्यात पती-पत्नी मिळून एक दुचाकी पुरत होती, इथे शहर बससेवेवर विसंबता येत नसल्याने दुसरी घ्यावी लागली. तिचा हप्ता आणि पेट्रोल ४,०००. इंटरनेटची दुसरी जोडणी आणि इन्व्हर्टर यांचे १,५००. शिल्लक राहिले १,५०० रुपये. हाच माणूस रेल्वेने प्रवास करू लागला, तर बचत पुन्हा पाचसहा हजारांनी वाढते. म्हणजे या कुटुंबापुढचा खरा प्रश्न भाड्याचा नसून प्रवासाच्या साधनाचा आहे, आणि तो हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

याच कागदावर आणखी एक ओळ ठळक लिहावी: जोडीदाराचे उत्पन्न. घरात दोघे कमावते असतील आणि एकालाच घरून काम करण्याची मुभा असेल, तर दुसऱ्याला कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, शाळेत, बँकेत वा रुग्णालयात काम मिळेल का आणि किती पगारावर, याची चौकशी हलण्यापूर्वी व्हायला हवी. बहुतेक घरांत ही झळ स्त्रीला सोसावी लागते. नवऱ्याची नोकरी तशीच राहते आणि पत्नी दहा-बारा वर्षांचा अनुभव मागे टाकून घरी बसते. भाड्याची बचत त्या पगाराच्या जवळपासही जात नाही. पत्नीच्या कामाचे उत्तर मिळेपर्यंत तारीख ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

घरून काम करणाऱ्यांनी कंपनीची परवानगी ईमेलवर किंवा पत्राने लेखी घ्यावी. वरिष्ठांच्या तोंडी होकारावर बिऱ्हाड हलवू नये. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मुंबईसाठी मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची मर्यादा असते, ती सातारा-सांगलीसाठी ४० टक्के होते. शिवाय भाडेच कमी झाल्याने सवलतीची रक्कमही घटते.

तिसरी पायरी: शाळा, आणि तीही घराच्या आधी

भाग ठरवण्याआधी शाळा ठरवावी. मूल नववी ते बारावीत असेल, तर शक्यतो स्थलांतर पुढे ढकलावे. दहावीनंतरचा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागीय मंडळात येतात आणि अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, त्यामुळे शहर बदलले तरी अर्जाची पद्धत तीच राहते.

पुण्यातल्या सीबीएसई शाळेतून येणाऱ्या पालकांनी इथल्या सेमी इंग्रजी शाळा एकदा जाऊन पाहाव्यात. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, अशी ही पद्धत जिल्ह्यांत चांगली रुजली आहे आणि अनुदानित शाळांत फीचा भारही बराच हलका होतो. पण ज्या मुलाने सहावी-सातवीपर्यंत मराठी केवळ एक भाषा म्हणून शिकली आहे, त्याला इतिहास-भूगोल अचानक मराठीतून झेपेल का, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. पाठ्यपुस्तक आणून घरी आठवडाभर वाचायला देणे हा त्याचा सोपा उपाय.

जुन्या शाळेकडून शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तके आणि यू-डायस या शाळांच्या शासकीय माहिती प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक घ्यावा आणि तिथून ऑनलाइन नोंद पुढे पाठवायला सांगावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार पहिली ते आठवीच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी तातडीने दिला पाहिजे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

चौथी पायरी: भाग निवडताना पाणी पाहावे

सांगलीत घर शोधणाऱ्याने घराच्या खोल्या मोजण्याआधी जमिनीची उंची पाहावी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ मध्ये पाणी पन्नाशीच्या पुढे गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर चढले. त्यामुळे शहरात कोणत्याही घराबद्दल विचारण्याचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘एकोणीसच्या पुरात इथे पाणी कुठवर आले होते?’ लोक अगदी नेमके उत्तर देतात: उंबऱ्यापर्यंत, खिडकीपर्यंत, पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत. हा प्रश्न घरमालकाला विचारावाच, पण शेजारच्या दोन घरांत आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही विचारावा. तिन्ही उत्तरे जुळली तरच विश्वास ठेवावा.

गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्त्याची बाजू हा नदीकाठचा पट्टा पुराचा. शामरावनगरात नदीच्या पुराबरोबरच साध्या मुसळधार पावसाचे पाणी साचण्याचाही त्रास आहे. विश्रामबागेकडचा आणि मिरजेच्या बाजूचा भाग तुलनेने उंचावर असल्याने तिथे भाडे आणि जागांचे दर चढे असतात, आणि माझ्या मते ते जादा पैसे मोजणे शहाणपणाचे आहे. स्वस्तात मिळालेले तळमजल्याचे घर एका पुरात फ्रीज, कपाटे, गाद्या आणि मुलांची पुस्तके घेऊन जाते. शिवाय चिखल उपसण्यात आणि भिंती वाळण्यात जाणारा वेळ वेगळाच.

घर कोरडे राहिले, तरी चहूबाजूंचे रस्ते बंद होऊ शकतात, हेही ध्यानात घ्यावे. २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोली येथे महामार्गच पाण्याखाली गेला आणि दूध, भाजी, पेट्रोल यांची टंचाई झाली. डायलिसिससारखे नियमित उपचार लागणाऱ्या व्यक्तीचे घर आणि रुग्णालय पाण्याच्या एकाच बाजूला असावेत.

खरेदीचा विचार करताना ऐकीव माहितीवर न थांबता पूररेषेचा नकाशा पाहावा. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्ट्यात नवीन बांधकाम करता येत नाही, तर निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींसह परवानगी मिळते. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला घेतला की आपला भूखंड नेमका कुठे पडतो, ते समजते.

साताऱ्यात हा धोका तसा नाही, कारण शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी उंचावर वसले आहे. तिथे विचारायचा प्रश्न नळाच्या पाण्याचा. जुन्या शहराला कासच्या तलावातून पाणी येते. उपनगरांत नगरपालिकेचे येते की जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेचे, दिवसाआड येते का, उन्हाळ्यात किती वेळ टिकते, हे एप्रिल-मे महिन्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हे भाग २०२० मध्ये नगरपालिकेच्या हद्दीत आले आहेत, तेव्हा त्यांतले रस्ते आणि गटारे प्रत्यक्ष पाहून मगच मत बनवावे. डोंगरउतारावरच्या घरांत दुचाकी चढवणे आणि वृद्धांनी पायी जाणे रोज जमेल का, हेही तिथे उभे राहूनच कळते.

पाचवी पायरी: भाड्याचा करार आणि हलवण्याचे दिवस

अकरा महिन्यांचा भाडेकरार नोटरीपुढे करून मोकळे होण्याची सवय अजूनही दिसते, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. भाडेकरार ऑनलाइन नोंदवता येतो आणि मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असल्याने खर्च फारसा नाही. हा नोंदणीकृत करारच पुढे आधार, गॅस, शाळा, बँक अशा प्रत्येक ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून त्यावर पती-पत्नी दोघांचीही नावे घालावीत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच मालकाकडून मागून घ्यावी.

सामान मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हलवावे. मुलांची सुट्टी असते, रस्ते कोरडे असतात आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू होईपर्यंत घर लागलेले असते. वाहतूकदाराकडून सामानाची यादी, चढवणे-उतरवण्याची मजुरी आणि टोल धरून एकच लेखी रक्कम घ्यावी. परतीच्या भाड्यातला टेम्पो स्वस्त पडतो, पण त्याची वेळ आपल्या हातात नसते. दागिने, मूळ कागदपत्रे, औषधे आणि वृद्धांच्या तपासण्यांची फाइल स्वतःजवळ ठेवावी. आजवरच्या डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश लिहून घेणे विसरू नये, कारण नव्या डॉक्टरांना त्याचा तपासण्यांच्या गठ्ठ्याहून अधिक उपयोग होतो.

पत्ताबदलाची कामे जून-जुलैत उरकावीत. आधी आधार, मग त्याच्या जोरावर बाकीची. मतदारयादीसाठी नमुना ८ भरावा, शिधापत्रिकेचे हस्तांतर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करावे, गॅस जोडणी जुन्या वितरकाकडून वर्ग करून घ्यावी. वाहनाचा क्रमांक बदलावा लागत नाही, कारण आपण राज्यातच आहोत. मात्र पत्ता बदलल्याची माहिती ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी लागते. आरोग्य विमा असेल, तर विना-रोकड उपचार देणाऱ्या रुग्णालयांच्या यादीत सांगली-मिरज किंवा साताऱ्यातली कोणती नावे आहेत, ते आजारपण येण्याआधीच पाहून ठेवावे.

गावचे वडिलोपार्जित घर असणाऱ्यांसाठी

बऱ्याच जणांना भाड्याच्या घराऐवजी गावचेच घर दुरुस्त करून राहण्याची इच्छा असते. ती रास्त आहे, पण खर्च करण्यापूर्वी सातबारा, आठ-अ आणि गावठाणातील घराची मिळकत पत्रिका काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते पाहावे. आजोबांच्या नावे असलेल्या घराला स्लॅब टाकला आणि नंतर चुलत्यांनी हिस्सा मागितला, अशा वादांनी कित्येक घरांतले येणे-जाणे थांबले आहे. आधी वारस नोंद, मग सर्वांच्या संमतीचे नोंदणीकृत वाटणीपत्र आणि त्यानंतर बांधकाम, हा क्रम मोडू नये. बहिणींचाही हक्क असतो, तेव्हा त्यांना किंवा इतर कोणालाही वगळू नये.

सहावी पायरी: दिवाळीनंतर खरेदी

पावसाळा संपला, मुले शाळेत रुळली, दोघांच्या कामाची घडी बसली आणि सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना पहिल्या अंदाजाशी ताडून पाहिला, की खरेदीकडे वळावे.

सांगलीत सर्वांत जास्त जपावे लागते ते गुंठेवारीत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या वसाहती शहराभोवती मोठ्या प्रमाणावर आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची अशी बांधकामे नियमित करण्याची वाट खुली केली, पण त्यासाठी अर्ज करून आणि शुल्क भरून नियमितीकरणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. विक्रेता केवळ घरपट्टीची पावती आणि मुद्रांकावर लिहिलेला व्यवहार दाखवत असेल, तर ती मालकी नव्हे. अशा जागेला बँक कर्ज देत नाही, आणि बँकेचा नकार हा खरेदीदारासाठी सर्वांत प्रामाणिक सल्ला समजावा.

स्वस्त म्हणून शेतजमीन घेऊन घर बांधण्याचा बेतही अनेक जण करतात. कूळ व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही, त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मंजूर रेखांकन असलेलाच बिगरशेती भूखंड घ्यावा. सदनिका असेल, तर प्रकल्प महारेरा या गृहप्रकल्पांवरील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे का आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळाले आहे का, हे पाहावे. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि तो वकील आपण निवडलेला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे. सांगलीच्या काळ्या मातीत पाया किती खोल घेतला आहे, हे एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेण्याचा खर्च टाळू नये. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आक्रसणारी ही माती उथळ पायाच्या भिंतींना तडे देते.

नोंदणी शुल्क किमतीच्या एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये असते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. खरेदीखत झाल्यावर बरेच जण तिथेच थांबतात, पण सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार होऊन आपले नाव लागणे, पालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीला नाव चढणे आणि महावितरणचे मीटर आपल्या नावे होणे, ही तीन कामे बाकी असतात. फेरफाराची नोंद प्रमाणित झाल्याचा उतारा हाती आल्यानंतरच भाड्याच्या घराची नोटीस द्यावी.